अर्जेंटिनाची ५० जुनी पोस्टकार्डं, एकगठ्ठा लॉट : कार्डाची पाठ वाचता येत असेल तरच घ्या

युरोपातल्या एका ऑनलाइन विक्रेत्याकडचा ‘अर्जेंटिना, १९००–१९४०, ५० कार्डं’ हा लॉट यवतमाळ जिल्ह्यातल्या गावपत्त्यावर टपालखर्चासह साधारण ६,२०० रुपयांना पडला. कार्डामागे सव्वाशे रुपयांच्या आत. सुटं घ्यायला गेलं तर बरं कार्ड या भावात सहसा हाती लागत नाही, म्हणून आकडा पाहून कोणीही भुलेल. मत आधीच सांगतो : लॉट घेण्यासारखा आहे, पण ज्याला कार्डाची पाठ वाचता येते त्यानेच घ्यावा. नुसती चित्रं पाहून घेणाऱ्याला यातली निम्मी कार्डं एकाच रस्त्याची वाटतील, आणि खरी किमतीची चार-पाच कार्डं हातातून निसटून जातील.

मोजल्यावर गठ्ठ्यातून निघालं ते असं. सलग, न दुभागलेल्या पाठीची (मागे मधली उभी रेघ नसलेली) ५, दुभागलेल्या पाठीची छापील २४, रिअल फोटो (छापील नव्हे, फोटोच्या कागदावर काढलेली) १४, १९५० नंतरची चकचकीत रंगीत ६, आणि एक सरळसरळ नवी नक्कल. वर्णनात १९४० पर्यंत म्हटलं असताना सात कार्डं त्याबाहेरची निघाली, हा दोष मोठा आहे. कळवल्यावर विक्रेत्याने सातही कार्डांचे पैसे वळते केले, कार्डं परत मागितली नाहीत. ही बाजू चांगली. टपालाने गेलेली १९, कोरी ३१. पन्नासातली २७ एकट्या ब्युनोस आयर्सची, ८ रोसारिओची, बाकी कोर्दोबा, तुकुमान, मेंदोसा, साल्ता आणि मार देल प्लाता अशी विखुरलेली.

राजधानीचा हा भरणा प्रत्येक लॉटमध्ये असतोच. पेउसेर, क्राफ्ट, रोसाउएर ही मोठी छापणारी-प्रकाशित करणारी मंडळी ब्युनोस आयर्सचीच होती, आणि बंदरावर उतरणारा प्रत्येक परदेशी माणूस घरी धाडायला तिथलंच कार्ड घ्यायचा. त्यामुळे आवेनिदा दे मायो, पालेर्मोची बाग, प्लासा दे मायो ही कार्डं मुबलक आहेत. भाव लहान गावांना : तालुक्याएवढ्या गावाचं स्टेशन, कापणी, बाजार, साखर कारखान्याचं आवार. लॉट घेताना विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा, राजधानीबाहेरची किती? उत्तर दहाच्या आत आलं तर भाव पाडून मागा.

आता पाठ. सुरुवातीच्या काळात पत्त्याच्या बाजूला फक्त पत्ता लिहायची मुभा होती. ख्यालीखुशाली चित्राच्या बाजूला, कडेच्या कोऱ्या पट्टीत कोंबावी लागे. १९०६ च्या रोम टपाल परिषदेत पाठ दुभागायला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, आणि त्याच्या आगेमागे अर्जेंटिनाच्या कार्डांवरही मधली उभी रेघ आली. म्हणजे सलग पाठीचं कार्ड ढोबळमानाने १९०६ च्या आधीच्या छपाईचं. ढोबळमानाने म्हणायचं कारण, दुकानात पडलेला जुना साठा पुढेही काही वर्षं खपत राहिला. छपाईचा काळ पाठीवरून आणि वापराचा काळ शिक्क्यावरून, असे दोन सन वेगवेगळे लिहून ठेवावेत.

शिक्का वाचायला स्पॅनिश यायची गरज नाही. क्रम आपल्यासारखाच, दिवस-महिना-वर्ष. महिन्याची पहिली तीनच अक्षरं असतात, आणि अडतात ती चार : जानेवारी म्हणजे एनेरो, एप्रिल म्हणजे आब्रिल, ऑगस्ट म्हणजे आगोस्तो, डिसेंबर म्हणजे दिसिएम्ब्रे. बाकीचे इंग्रजी महिन्यांच्या जवळचे असल्याने ओळखू येतात. चित्राखाली ‘रेकुएर्दो दे’ असेल तर ते गावाचं नाव नव्हे, ‘अमुक गावची आठवण’ एवढाच अर्थ. यादी करताना ही चूक हमखास होते.

लॉटमधलं एक कार्ड नमुन्यासाठी घेऊ. आवेनिदा दे मायोचा लांबवर गेलेला रस्ता, दोन्ही कडांना झाडं, मधोमध दिव्यांचे खांब, घोडागाड्या आणि तीन-चार मोटारी. गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालल्या आहेत. अर्जेंटिनात १० जून १९४५ पर्यंत आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक होती, त्या दिवशी ती उजवीकडे गेली. रस्त्याचं कुठलंही कार्ड हाती आलं की पहिली नजर इथे टाकावी. या रस्त्याखालून गेलेली भुयारी रेल्वे १ डिसेंबर १९१३ ला सुरू झाली आणि तिचं खोदकाम १९११ मध्ये लागलं होतं. कार्डात ना जिने दिसतात, ना खणलेला रस्ता. म्हणजे फोटो १९११ च्या आधीचा. पाठीवर लालसर ५ सेंताव्होचं, नांगरासह शेतकरी असलेलं तिकीट, जे १९११ मध्ये निघालं. शिक्का मार्च १९१४ चा. चित्र, तिकीट आणि शिक्का यांनी मिळून कार्डाचा पूर्ण हिशेब दिला. विक्रेत्याने त्यावर पेन्सिलीने ‘१९२०’ लिहून ठेवलं आहे. तो आकडा खोडू नये, रबराने पाठीचा थर निघतो; आपली नोंद वेगळ्या चिठ्ठीवर करावी.

राजधानीच्या कार्डांना सन लावायला अशा आणखी काही खुणा पक्क्या आहेत. काँग्रेस म्हणजे संसदेची घुमटाची इमारत १९०६ पासून वापरात. तेआत्रो कोलोन या ऑपेरागृहाची आजची इमारत २५ मे १९०८ ला उघडली. रेतिरोचं मोठं मित्रे स्टेशन १९१५ चं. ओबेलिस्क हा उंच स्तंभ १९३६ चा, तो दिसला की कार्ड त्यानंतरचंच. या चार खुणांवर लॉटमधली ११ कार्डं जागच्या जागी लागली.

छपाई ओळखायला १० पटीचं भिंग हवं. सराफाकडे किंवा घड्याळजीकडे वापरतात तेच, नागपूरला इतवारीत सहज मिळतं. भिंगाखाली रांगेत बसवलेले ठिपके दिसले तर हाफटोन छपाई. ठिपके नसतील आणि मे महिन्यात काळ्या रानाला पडतात तशा बारीक, वळणावळणाच्या भेगांची जाळी दिसली तर कोलोटाइप. १९१० च्या आसपासची चांगली कार्डं बहुधा याच पद्धतीची, आणि तपशील इतका स्वच्छ की दुकानांच्या पाट्या वाचता येतात. भिंगाखालीही ठिपका-जाळी काहीच नसेल, करड्या छटा अखंड एकमेकींत मिसळल्या असतील, तर तो रिअल फोटो, म्हणजे फोटोच्या कागदावर निगेटिव्हवरून थेट काढलेली प्रत. जुन्या रिअल फोटोला तिरपं धरलं की काळोख्या भागात, विशेषतः कडेला, आरशासारखी निळसर चांदी चमकते. ती पुसायला जाऊ नये. कार्डाच्या खरेपणाची ती सर्वांत भरवशाची खूण आहे.

रिअल फोटोच्या पाठीवर तिकिटाच्या चौकोनात कागदाच्या कंपनीचं नाव असतं. ‘आझो’ असेल तर चौकोनाच्या चार कोपऱ्यांतले त्रिकोण पाहावेत : चारही वर तोंड केलेले असतील तर साधारण १९०४ ते १९१८, दोन वर दोन खाली असतील तर साधारण १९१८ ते १९३०. ‘गेव्हार्ट’ हा बेल्जियमचा कागदही भेटतो. हा सन कागदाचा, फोटोचा नव्हे. छोट्या गावचा फोटोग्राफर एक पुडा बरीच वर्षं पुरवत असे.

लॉटचे पैसे वसूल होतात ते या १४ रिअल फोटोंत. तुकुमानच्या उसाच्या गाड्या, मेंदोसाच्या द्राक्षांच्या टोपल्या, आणि एका अनाम स्टेशनच्या फलाटावर रचलेल्या पोत्यांची थप्पी. छापील कार्ड हजारांनी निघायचं, असा फोटो थोडक्याच प्रतींत. त्या थप्पीपाशी उभ्या माणसांच्या डोक्यावरच्या टोप्या, पोत्याला मारलेला टाका, हमालाच्या खांद्यावरचं दुमडलेलं गोणपाट, सगळं भिंगाखाली मोजता येतं. कापसाच्या जिनिंगचं आवार किंवा बाजार समितीची थप्पी रोज पाहणाऱ्याला यात जे दिसेल, ते विकणाऱ्यालाही दिसलेलं नाही. त्याने या कार्डावर ‘स्टेशन, ठिकाण अज्ञात’ एवढंच लिहिलं आहे.

ठिकाण खरं तर अर्धं सापडतं. फलाटाच्या पाटीखाली ‘एफ. सी. सी. ए.’ अशी अक्षरं आहेत, म्हणजे फेर्रोकार्रिल सेंत्राल अर्हेंतिनो, रोसारिओ आणि कोर्दोबाला जोडणारी ब्रिटिश कंपनीची रेल्वे. १९४८ मध्ये या कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि नावं बदलली, म्हणून ही अक्षरं असलेलं कार्ड त्याआधीचं. तिच्या रुळांतलं अंतर १,६७६ मिलिमीटर, आपल्या वर्धा–नागपूर मार्गावरच्या ब्रॉडगेजएवढंच, तंतोतंत. युरोप-अमेरिकेतले संग्राहक या कार्डांतला रूळ पाहून ‘विचित्र रुंद’ अशी नोंद करतात. आपल्याला तो ओळखीचा वाटतो. यवतमाळ–मूर्तिजापूरची शकुंतला ही छोटी रेल्वे मात्र ७६२ मिलिमीटरची होती. तसलेच अरुंद, ७५० मिलिमीटरचे रूळ दक्षिणेकडे पातागोनियात आहेत. रेल्वे हा विषय धरून गोळा करायचं ठरवलं तर विदर्भातल्या माणसाला तुलना घरबसल्या करता येते.

नकली कार्डाबद्दल. जुन्या चित्राची नवी छपाई पर्यटकांसाठी सर्रास होते, आणि ती विकणं गैर नाही. जुनं म्हणून विकणं गैर. या लॉटमधली नक्कल सेपिया रंगाची, कडा मुद्दाम पिवळ्या केलेल्या. तीन गोष्टींनी पकडली. पाठीवरचा पिवळेपणाही भिंगाखाली ठिपक्यांचाच निघाला, म्हणजे डाग छापलेला. कोपरे गोलसर झिजलेले दिसतात, पण बोटाला धारदार लागतात. आणि किराणा दुकानात नोट तपासायला ठेवतात तो जांभळ्या उजेडाचा यूव्ही टॉर्च अंधारात मारल्यावर कार्ड निळं-पांढरं लखलखलं. कागद उजळ दिसावा म्हणून घालतात ती द्रव्यं साधारण १९५० नंतरची. त्याआधीचा कागद टॉर्चखाली मंद, मातकट राहतो. टॉर्च दीड-दोनशे रुपयांचा आहे, भिंगाइतकाच गरजेचा.

तिकीट उपटलेली कार्डं चार निघाली. तिकिटं जमवणाऱ्यांनी ओढून काढताना पाठीचा पापुद्रा गेला आहे, शिक्का अर्धा राहिला. चित्र शाबूत असलं तरी अशा कार्डाला अर्धा भावही देऊ नये. याउलट दोन कार्डांवर तिकीट चित्राच्याच बाजूला, कोपऱ्यात लावलेलं आहे. तो खराबा नाही. त्या काळी अदलाबदल करणारे संग्राहक मुद्दाम तसं लावत. ते पाण्यात सोडवायला जाऊ नका.

आता या मालातला सर्वांत वाईट भाग. विक्रेत्याने कार्डं ‘मोफत अल्बम पानां’त घालून पाठवली, आणि ती पानं पीव्हीसीची निघाली. पान नाकाशी नेलं की नव्या रेनकोटचा वास येतो. खात्री करायची रीत सोपी : पानाचा तुकडा पाण्याच्या पेल्यात बुडवून सोडा. पॉलिप्रॉपिलीन म्हणजे पीपी तरंगतं, पीव्हीसी बुडतं. पॉलिएस्टरही बुडतं, पण ते कडक असतं, खडखड वाजतं आणि त्याला वास नसतो. तरी शंका राहिली तर तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवून तुकड्याला टेकवावी आणि परत ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन, म्हणजे पीव्हीसी. हे उघड्यावर, वाऱ्याच्या अंगाला पाठ करून, नखाएवढ्या तुकड्यावरच करावं, धूर वाईट असतो. पीव्हीसी मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य उन्हाळ्यात बाहेर सुटतं. थंड देशात हा प्रकार वर्षानुवर्षं घेतो, आपल्याकडे ४५ अंशांचे दोन मे महिने पुरतात; पान चिकट होतं, छपाईची शाई त्याला लागून येते. आल्या दिवशी सगळी कार्डं काढली आणि पानं फेकली. तुम्हीही तेच करा, फुकटच्या पानांचा लोभ धरू नका.

छापील कार्डांसाठी पीपीच्या स्लीव्ह, म्हणजे पारदर्शक पाकिटं, चांगल्या. कार्ड ९ बाय १४ सेंटिमीटरचं असतं, स्लीव्ह दोन्हीकडे चार-पाच मिलिमीटर मोठी हवी; घट्ट स्लीव्हमध्ये सरकवताना कोपरेच दुमडतात. रिअल फोटोला मात्र आपल्या हवेत थेट प्लॅस्टिक नको. फोटोवर जिलेटिनचा थर असतो. हवेतली आर्द्रता ६५–७० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की तो थर फुगतो, मऊ पडतो, गुळगुळीत प्लॅस्टिकला चिकटतो, आणि सुटताना चकाकणारे ठिपके ठेवून जातो. आषाढ-श्रावणात यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीकडे घरातली आर्द्रता आठवडेच्या आठवडे याच्या वर असते. म्हणून रिअल फोटो आधी आम्लरहित कागदाच्या पाकिटात, आणि पाकिटं डब्यात उभी. आडवी थप्पी लावली की खालच्या कार्डावर वजन येतं.

पावसाळ्याची काळजी सगळे घेतात, पण कूलरकडे दुर्लक्ष होतं. एप्रिल-मे मध्ये बाहेरची हवा कोरडी ठणठणीत असते आणि कागदाला ती फारशी बाधत नाही; बाधतो तो वाळ्याचा कूलर. कूलरच्या खोलीत दिवसभर दमट हवा, रात्री बंद केला की परत कोरडी, असं रोज वर-खाली होतं. कार्ड त्याबरोबर ताणतं-आकसतं आणि धनुष्यासारखं वाकतं. डबा कूलर नसलेल्या आतल्या खोलीत ठेवावा. टिनपत्र्याखाली नको, कवेलूच्या घरात ओल उतरणाऱ्या भिंतीला लागून नको, जमिनीवर तर नकोच. उधई आधी खालूनच येते.

डबा म्हणून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा उत्तम. पाच-सहा लिटरच्या डब्याला ५० ग्रॅम सिलिका जेल कापडी पुरचुंडीत, सोबत साडेतीनशे रुपयांपर्यंतचं आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र. काटा ४५ ते ५५ मध्ये ठेवायचा. जेल निळं घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं. नारिंगी घ्या, ते ओल धरलं की हिरवट होतं. मग ११०–१२० अंशांवर दोन तास तापवून परत वापरायचं. ओव्हन नसेल तर जुन्या कढईत वाळूचा थर, त्यावर स्टीलची ताटली, ताटलीत जेल, झाकण तिरपं, आच मंद. नानकटाई भाजतात तसंच, फक्त ती ताटली नंतर स्वयंपाकात घेऊ नये. आच वाढली तर दाणे काळवंडतात आणि पाणी शोषायची ताकद जाते. जुलै ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी हे करावं लागतं. हिवाळ्यात एकदाही नाही.

नवा लॉट जुन्या संग्रहात लगेच मिसळू नका. महिनाभर वेगळ्या डब्यात, खाली पांढरा कागद अंथरून ठेवा. कागदावर मिरीच्या पुडीसारखे कण पडलेले दिसले तर कसर आहे. कडुनिंबाचा वाळलेला पाला कापडात बांधून डब्याच्या कोपऱ्यात ठेवायला हरकत नाही, कार्डाला लागू मात्र देऊ नका. डांबरगोळ्या नकोत. फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांत दोन आठवडे ठेवून किडे मारायची पद्धत चांगली आहे, पण लोडशेडिंगच्या गावात नको : वीज गेली की पिशवीत पाणी सुटतं आणि किड्यांपेक्षा मोठं नुकसान होतं. आणि गावच्या झेरॉक्स दुकानात कार्ड लॅमिनेट करून घेणं म्हणजे ते कायमचं संपवणं आहे. लॅमिनेशन निघत नाही.

मागवण्याच्या बाबतीत या विक्रेत्याचं काम नीट आहे. दोन्ही बाजूंनी जाड पुठ्ठा, आत प्लॅस्टिकची पिशवी, सीएन २२ या सीमाशुल्काच्या टपाल-अर्जावर खरी किंमत आणि पोस्टकार्डांचा एचएस क्रमांक (मालाचा प्रकार सांगणारा) ४९०९. किंमत कमी दाखवू का, असं विचारणारे विक्रेते असतात. नाही म्हणावं, पाकीट हरवल्यास त्या लिहिलेल्या आकड्याच्या वर भरपाई मागता येत नाही. रजिस्टर टपालच घ्यावं, १३ चिन्हांचा क्रमांक येतो : दोन अक्षरं, नऊ अंक, शेवटी देशाची दोन अक्षरं. बँकेच्या कार्डावर परदेशी व्यवहार आधी सुरू करून घ्यावा लागतो, आणि चलनबदलाचे साडेतीन टक्क्यांपर्यंत वेगळे जातात. गावाचा पत्ता लिहिताना मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा हे चारही, पिनकोड आणि मोबाइल नंबर द्या. विक्रेत्याच्या लेबलवर ओळी कापल्या जातात, म्हणून पिन आणि मोबाइल पहिल्या दोन ओळींत टाकायला सांगा. सीमाशुल्क लागलंच तर ते पोस्टमन पाकीट देताना घेतो, सुटे पैसे तयार असू द्या. जून ते सप्टेंबर मागवू नका. टपालाची थैली भिजली तर आतल्या पिशवीचाही उपयोग होत नाही.

पुढचा लॉट घ्यायचा तर विषय धरून शोधा, ‘अर्जेंटिना’ एवढंच टाकून नको. स्पॅनिश शब्द टाकला की विक्रेत्याने नीट न तपासलेली कार्डं वर येतात : स्टेशनला एस्तासिओन (estacion), कापणीला कोसेचा (cosecha), कापसाला आल्गोदोन (algodon), संत्र्याला नारान्हा (naranja). कापसासाठी उत्तरेचा चाको प्रांत पाहा, संत्र्यासाठी एंत्रे रिओस प्रांतातलं कोंकोर्दिया. पाठीचा फोटो नसलेल्या कार्डाला बोली लावण्याआधी तो मागून घ्या.